हायवेवर ट्रकवाल्यांसाठी फिरती एचआयव्ही तपासणी: कोकणात हे काम कसं उभं करायचं

एखादी संस्था किंवा कॉलेजचं एनएसएस किंवा गावातली चार पोरं मिळून ट्रक ड्रायव्हरांसाठी फिरती तपासणी सुरू करायचं म्हणतात तेव्हा पहिली चर्चा होते गाडी कुठली घ्यायची आणि बॅनर केवढा लावायचा याची. माझं म्हणणं ते सगळं नंतर बघा. आधी हे शोधा की ट्रक कुठे थांबतो, किती वाजता थांबतो आणि किती वेळ थांबतो. ड्रायव्हर तुमच्याकडे येणार नाही, त्याच्याकडे तेवढा वेळच नसतो, आणि तो ओपीडीच्या टायमाला कधीच मोकळा नसतो. त्यामुळे हे अख्खं काम त्याच्या थांब्यावर उभं आहे.

अजून एक गोष्ट टीममधल्या प्रत्येकाच्या डोक्यात पहिल्या दिवशीच गेली पाहिजे. ट्रक चालवल्याने कोणाला एचआयव्ही होत नाही आणि ड्रायव्हर म्हणजे वाईट चालीचा माणूस असं काही नसतं. महिना महिना घरापासून लांब, हातात रोख पैसे, रात्रीची वेळ, सोबत दारू, आणि अंगावर काही उठलं तर दाखवायला कुठला दवाखाना उघडा नाही, या सगळ्यामुळे धोका वाढतो. त्याच्यापासून ते पुढे गावाकडच्या बायकोपर्यंत जाऊ शकतं म्हणून नॅको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था) लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांना आणि स्थलांतरित कामगारांना ब्रिज पॉप्युलेशन म्हणते. देशात एचआयव्ही बाधित लोकांची संख्या सगळ्यात जास्त महाराष्ट्रात आहे, आणि आपल्या पट्ट्यातून तर मुंबई, गोवा, कर्नाटक, केरळ सगळीकडचा माल जातो.

आता थांबे. ६६ नंबरचा हायवे (आपल्या तोंडात अजून जुना १७ नंबरच आहे) पनवेलपासून बांद्यापर्यंत एकदा नुसता फिरून घ्या, गाडी नको, किट नको, फक्त वही. तीन प्रकारचे थांबे दिसतील. एक चहाचा, दहा पंधरा मिनिटांचा, टपरीवर किंवा पंक्चरवाल्याकडे. दुसरा जेवणाचा, तासभराचा, ढाब्यावर, संध्याकाळी सात ते रात्री अकरा. तिसरा वाट बघण्याचा, म्हणजे माल भरायची किंवा खाली करायची वाट, वजनकाट्याची लाईन, कागदांची वाट, त्यात पाच तास जातात कधी अख्खा दिवस जातो. लोटे आणि महाडच्या एमआयडीसीचे गेट, डोलवी-वडखळची बाजू, उरणकडे जेएनपीटीच्या कंटेनरच्या पार्किंग, निवळी फाट्यावरून जयगड बंदराकडे जाणारा रस्ता, खाली इन्सुलीचा चेकनाका, हे सगळे तिसऱ्या प्रकारचे. आणि कोलाड स्टेशन विसरू नका, १९९९ पासून कोकण रेल्वे तिथून ट्रक रेल्वेच्या वॅगनवर चढवून गोव्यातल्या वेर्ण्याला आणि पुढे कर्नाटकात सुरतकलला नेते, रो-रो म्हणतात ती, तिथे गाड्या लाईनीत लागलेल्या असतात आणि ड्रायव्हर क्लीनर दोघंही मोकळे असतात. तिथे स्टेशनवाल्यांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय आत जाऊ नका.

हे तीन प्रकार वेगळे का सांगतोय, तर थांबा जेवढा तेवढंच काम करायचं. चहाच्या थांब्यावर फक्त कंडोम, कार्ड आणि दोन वाक्यं. जेवणाच्या थांब्यावर बीपी, शुगर, डोळे, आणि माणूस तयार असेल तर एचआयव्हीची टेस्ट. समुपदेशन, गुप्तरोगाचा इलाज, घाबरलेल्या माणसाला धीर देऊन पुढचं सगळं ठरवणं हे तिसऱ्या थांब्यावर. दहा मिनिटांच्या थांब्यावर बोट टोचून रक्त घ्यायला जाऊ नका, रिझल्ट यायच्या आधी क्लीनर हॉर्न वाजवतो आणि माणूस निघून जातो, मग तो कुठे शोधणार तुम्ही.

परवानग्या आणि माणसं. सुरुवात जिल्ह्याच्या डापकूपासून, म्हणजे जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण कक्ष, तो जिल्हा रुग्णालयाच्या आवारातच सापडतो, रायगडला अलिबाग, रत्नागिरीला रत्नागिरी, सिंधुदुर्गाला ओरोस. टेस्ट किट, निरोध, गुप्तरोगाची औषधं हे सगळं महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेकडून त्यांच्यामार्फत येतं. किट बाजारातून विकत आणून आपल्या आपण टेस्ट करत बसायचं नाही, ट्रेनिंग घेतलेलाच माणूस पाहिजे आणि नोंद सरकारी साखळीतच गेली पाहिजे नाहीतर पुढे त्या पेशंटला काहीच मिळत नाही. नंतर पोलीस स्टेशनला पत्र, ग्रामपंचायतीला पत्र, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या असोसिएशनला भेट. पत्रांपेक्षाही महत्त्वाचा ढाबेवाला. त्याच्या दारात गिऱ्हाईक कमी होईल अशी भीती त्याला असते, त्याला आधी स्वतःची शुगर तपासून द्या, काकींचं बीपी बघा, कूक आणि वेटर पोरांचे डोळे तपासा. मग तोच ड्रायव्हरला सांगतो की जा रे उस्ताद, डॉक्टर चांगला आहे. गावातून विरोध होतो तो वेगळाच, कुडाळ-कणकवलीकडे तोंडावर विचारतात, "आमच्या गावाचा नाव कित्याक खराब करतास?" त्यावर भांडण नको, गाडीवर गावाचं नाव कुठेच लिहिणार नाही आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचंही बीपी बघू एवढं सांगा, आणि खरंच बघा.

गाडीवर एड्स हा शब्द नको, लाल रिबन पण नको. "ड्रायव्हर आरोग्य तपासणी, मोफत" एवढं पुरे, खाली हिंदी आणि कन्नड, जमलं तर मल्याळममध्ये पण. लोक डोळ्यांसाठी येतात. चाळिशी ओलांडलेल्या ड्रायव्हरला बिल्टी (मालाची पावती) वाचायला त्रास होतो आणि जवळचा चष्मा जागेवर मिळाला तर तो पुढच्या फेरीला चार जणांना घेऊन येतो, त्यामुळे पैसे कमी असतील तर बॅनरवर खर्च करू नका, चष्मे घ्या. पाठ, गुडघे, अॅसिडिटी, मूळव्याध हे पण तयारीत ठेवा. ही काही फसवणूक नाही, बीपी शुगर खरोखर बघायचं, आणि एचआयव्हीची टेस्ट आहे हे स्पष्ट सांगूनच करायची. शुगरसाठी टोचलेल्या बोटातून न विचारता एचआयव्ही बघून घेणं हा गुन्हा समजा, २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात माहिती देऊन घेतलेली संमती लागतेच.

आतली मांडणी नीट करा. गाडीत दोन भाग पाहिजेत, बाहेरचा बीपी-डोळे, आतला बंद, जिथला आवाज बाहेर येणार नाही. जनरेटरचा किंवा पंख्याचा आवाज असला तर उलट बरं. नंबर नाव पुकारून नको, टोकन द्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतमध्ये प्रत्येकाला साधारण सारखाच वेळ बसवा आणि बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात तसलंच बंद पाकीट द्या, ज्याची टेस्ट झाली त्याला पण आणि ज्याने नाही म्हटलं त्याला पण. नाहीतर लाईनीतले लोक मिनिटं मोजतात. एकजण पाच मिनिटांत बाहेर आला आणि दुसरा अर्धा तास आत बसला की बाहेर सगळ्यांना कळतं, आणि ती बातमी पुढच्या ढाब्यावर त्या ड्रायव्हरच्या आधी पोचते. म्हणून ज्याच्याशी जास्त बोलायचंय त्याला तिथेच धरून ठेवू नका, "बीपीसाठी परत एकदा या" असं सांगून थोड्या वेळाने बोलवा.

बोलायचं कसं याचं ट्रेनिंगमध्ये भरपूर शिकवतात पण हायवेवर भाषण चालत नाही. उत्तरेकडचा असेल तर उस्ताद किंवा भैया, साऊथचा असेल तर अण्णा, आपल्याकडचा असेल तर दादा. आधी गाडीचं विचारा, कुठून आलात, कुठला माल, परतीचा माल मिळाला का, घरी कधी जाऊन आलात. घर निघालं की माणूस आपणच बोलतो. "बाहेर जाता का" असा पोलिसी प्रश्न विचारू नका. "लंबी गाडी में बहुत लोगों को ये दिक्कत आती है, आपको कभी पेशाब में जलन, घाव, पस ऐसा कुछ हुआ क्या" असं विचारलं की बरेच जण हो म्हणतात. क्लीनर आणि ड्रायव्हर दोघांना कधीही एकत्र बसवू नका, एकजण दुसऱ्यासमोर खरं सांगणार नाही. क्लीनर कमी वयाचा वाटला तर वय विचारा, अठराच्या खालच्याला पालकाच्या संमतीशिवाय टेस्ट नाही, त्याला माहिती द्या आणि आयसीटीसीच्या (सरकारी एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्राच्या) समुपदेशकाशी जोडून द्या. आणि प्यायलेल्या माणसाची टेस्ट नको, तेव्हाची हो ही काय खरी हो नसते, त्याला सकाळी बोलवा.

आता टेस्ट. बोटातून एक थेंब रक्त, किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचायचं, ना आधी ना नंतर. बऱ्याच ठिकाणी एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही दाखवणारं किट मिळतं, ते मिळत असेल तर तेच मागा. कंट्रोलची रेष आली आणि टेस्टची रेष नाही आली तर नॉन-रिअॅक्टिव्ह, पण तेवढ्यावर सोडू नका. धोक्याचा संबंध अलीकडचा असेल तर शरीरात अँटीबॉडी दिसायला वेळ लागतो म्हणून त्या संबंधानंतर तीन महिने झाले की परत एकदा टेस्ट करायची, आणि ती तारीख कार्डावर लिहून द्यायची. तो तेव्हा लुधियानात असला तरी चालेल, सरकारी आयसीटीसी देशभर आहेत आणि फुकट आहेत. १०९७ हा नॅकोचा टोल फ्री नंबर आहे, जवळचं केंद्र तिथून कळतं.

रिअॅक्टिव्ह आली तर, म्हणजे टेस्टची रेष पण आली तर. इथे गाडीवरच्या माणसाने एक शब्द तोंडातून काढायचा नाही, तो म्हणजे पॉझिटिव्ह. ही फक्त पहिली चाळणी आहे, पक्कं निदान आयसीटीसीत वेगवेगळ्या तीन किटवर होतं. त्याला सांगा, "अजून काही पक्कं नाही, पण मोठी तपासणी करून घ्यायला पाहिजे, आणि ती आपण उद्याच करू." उद्याच, हे महत्त्वाचं. कारण माणूस रात्रीतून गाडी घेऊन निघाला की गेला. म्हणून तुमच्याकडे थांब्याप्रमाणे जवळच्या आयसीटीसीची यादी पाहिजे आणि तिथल्या समुपदेशकाशी आधीच बोलणं झालेलं पाहिजे. खेडजवळ थांबला असेल तर कळंबणीचं उपजिल्हा रुग्णालय, चिपळूणजवळ कामथे, दोन्ही हायवेलाच आहेत, ट्रक बाजूला लावून जाता येतं. ट्रान्सपोर्टवाल्याला कारण काय सांगणार हे पण त्याच्यासोबत बसून ठरवा, "बीपी वाढलं, डॉक्टरने थांबवलं" हे चालतं. शक्य असेल तर टीममधला एकजण सोबत जाऊ दे, चिठ्ठी देऊन पाठवलेला आणि हात धरून नेलेला यात फार फरक पडतो.

तो म्हणाला मला थांबता येत नाही, माल गोव्याला उद्या पोचवायचाय, तर अडवू नका. त्याचा पुढचा रूट विचारा, कुठे खाली करणार, किती दिवस थांबणार, तिथलं केंद्र शोधून फोन करून द्या. फोन नंबर घेताना विचारा की हा फोन कोण उचलतं. क्लीनर उचलतो का, घरी गेल्यावर बायको उचलते का. मग आपण फोन केला तर काय बोलायचं ते त्याच्यासोबत आधीच ठरवा, "चष्म्यासाठी फोन केलाय" वगैरे. व्हॉट्सअॅपवर रिझल्ट कधीच नाही, फोटो तर नाहीच. आणि त्याच्या मालकाला, गाववाल्याला, बायकोला टीममधून कोणीही काही सांगायचं नाही, बायकोला सांगणं आणि तिची तपासणी करून घेणं हे आयसीटीसीचा समुपदेशक त्याच्या सोबतीने करतो.

निदान पक्कं झालं तर इलाज लगेच सुरू होतो, २०१७ पासून सीडी४ (रक्तातल्या संरक्षक पेशी) किती आहे याची वाट बघत नाहीत. एआरटी, म्हणजे एचआयव्हीचा औषधोपचार, सरकारी केंद्रात २००४ पासून फुकट मिळते आणि आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. ड्रायव्हरला पहिली भीती ही की नोकरी जाईल, त्याला सांगा की एचआयव्हीच्या कारणाने कामावरून काढणं कायद्याने बंद आहे आणि कामावर कोणाला सांगायची सक्ती नाही. दुसरी भीती गाडीवर असताना गोळ्या कशा घेणार. तब्येत स्थिर झाली की एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या पण देतात, वेळ रात्रीच्या जेवणाची धरायची, आणि एआरटीचं पुस्तक गाडीच्या कागदांसोबत ठेवायचं म्हणजे रस्त्यात गोळ्या संपल्या तर दुसऱ्या केंद्रात दाखवता येतं. आणि हे आवर्जून सांगा, लोकांना माहीतच नसतं: नेमाने गोळ्या घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे ऐकल्यावर माणूस पहिल्यांदा मान वर करून बघतो. सोबत टीबीचे चार प्रश्न विचारायचेच, खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम.

गुप्तरोगाचं एक वेगळंच आहे. हायवेच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवलेल्या दिसतात, ड्रायव्हर तिथे जातो किंवा मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या घेतो, दुखणं दबतं पण बरं होत नाही, आणि जखम किंवा पस असताना एचआयव्ही लागायचा धोका कितीतरी वाढतो. तुमच्या डॉक्टरकडे नॅकोची रंगीत किट असतात, पुरुषाला लघवीच्या जागेतून पस येत असेल तर राखाडी, त्यात एकाच वेळी घ्यायचे डोस असतात, ते डॉक्टरसमोर तिथेच पाण्यासोबत घ्यायला लावा, पुडी बांधून देऊ नका. जखमेसाठी पांढरं, पण त्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं, रिअॅक्शन येऊ शकते, ते रस्त्यावर नकोच, हॉस्पिटलात सुरक्षा क्लिनिकला (गुप्तरोगाच्या सरकारी क्लिनिकला) पाठवा. जोडीदाराचा इलाज पण झाला पाहिजे नाहीतर परत तेच.

कोकणातली दमट हवा किटचा घात करते. पाकीट फोडलं की लगेच वापरायचं, आधीच दहा पाकिटं फोडून टेबलवर मांडून ठेवायची नाहीत. किटवर छापलेलं तापमान बघा, एप्रिल मे मध्ये बंद गाडीत किट ठेवून जेवायला गेलात तर ती फेकून द्यावी लागतात, आईसबॉक्स आणि त्यात थर्मामीटर पाहिजेच. लान्सेट (बोट टोचायची सुई) एकदाच वापरायचं आणि पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज लाल पिशवीत, आणि तो सगळा कचरा हॉस्पिटलला परत, ढाब्याच्या मागच्या खड्ड्यात अजिबात नाही. टीममधल्या कोणाला टोचलं तर साबण पाण्याने धुवा, पिळू नका, आणि लगेच हॉस्पिटल, पीईपीच्या (लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या) गोळ्या जेवढ्या लवकर तेवढ्या चांगल्या, ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हव्यात, पुढे २८ दिवस. ही गोष्ट रात्री अकराला घडू शकते म्हणून जवळचं कुठलं हॉस्पिटल रात्री पीईपी देतं ते आधीच विचारून ठेवा.

कंडोम. टेबलवर ढीग ठेवला तर कोणी उचलत नाही, संडास-बाथरूमच्या आतल्या भिंतीला डबा लावा, पंक्चरवाल्याकडे, पानटपरीवर ठेवा आणि दर आठवड्याला मोजून भरा. डॅशबोर्डवर उन्हात आणि पाकिटात दाबून ठेवू नका हे सांगा, तारीख बघायला शिकवा. आणि आपल्याकडे हे सांगणं फार गरजेचं आहे की खोबरेल तेल लावायचं नाही, तेलाने कंडोमचं रबर कमजोर होऊन फाटतं. पाण्याच्या आधाराचं ल्युब मिळत असेल तर ते द्या. पुरुषा-पुरुषातले संबंध ड्रायव्हर-क्लीनरमध्ये, हॉटेलच्या पोरांसोबत असतात, तो विषय टाळलात तर त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही, म्हणून माहिती देताना "बाई असो पुरुष असो" असंच बोलायची सवय लावा. हायवेवर धंदा करणाऱ्या बायकांच्या मागे गाडी घेऊन जाऊ नका, पोलिसांची नजर त्यांच्यावर पडते आणि त्या पुढचे आठ दिवस गायब होतात. त्यांच्यासाठी त्यांच्यातलीच ताई टीममध्ये घ्या, मानधन देऊन, आणि तिचं ऐका.

वेळापत्रक आपल्या कोकणाचं वेगळं. पावसात घाटात दरड आली की परशुराम घाटाच्या अलीकडे पलीकडे गाड्या अडकतात, तेव्हा माणूस मोकळा असतो हे खरं पण त्याला पाणी, तापाची तपासणी, लेप्टो मलेरियाची काळजी आधी, ते केलंत तर बाकीचं तो स्वतः विचारतो. गणपतीत हायवेवर जड वाहनांना बंदी लागते, तेव्हा थांबे रिकामे, त्या दिवसांत टीमला घरी जाऊ द्या. एप्रिल मे आंब्याच्या गाड्या देवगड रत्नागिरीहून रात्रीच्या वाशीला पळतात, त्यांना थांबायला अजिबात वेळ नसतो, त्यांना पॅकिंगच्या ठिकाणी माल भरतानाच गाठा. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, नंतर मिरकरवाडा, हर्णैला बोटींवर नेपाळ, कर्नाटक, उत्तर भारतातले खलाशी परत येतात, आणि मासळीचे, बर्फाचे ट्रक पण तेव्हाच सुरू. ऑगस्टचा पहिला पंधरवडा बंदरावर, तांडेलाशी (बोटीच्या प्रमुखाशी) आधी बोलून. नेपाळी भाषेत बोलणारा एकजण मिळाला तर अर्धं काम झालं.

एकाच जागी एकाच वारी, एकाच वेळी जा. मंगळवार हातखंबा तर मंगळवार हातखंबाच, पाऊस असो. त्याच रूटवरचा ड्रायव्हर काही दिवसांनी परत तिथून जातो, पहिल्या खेपेला चष्मा, दुसऱ्या खेपेला गप्पा, तिसऱ्या खेपेला टेस्ट असंच होतं बहुतेकांचं. टार्गेटच्या मागे लागून पहिल्याच खेपेला बोट टोचलंत तर आकडा मिळतो, माणूस नाही मिळत. वरून आकड्यांचा दबाव येतो, तेव्हा किती टेस्ट झाल्या यासोबत किती रिअॅक्टिव्ह लोक आयसीटीसीपर्यंत पोचले आणि त्यातले किती एआरटीवर सुरू झाले हे दोन रकाने रिपोर्टमध्ये स्वतःहून घाला. फोटो मागतात तेव्हा रिकाम्या गाडीचा, टेबलचा, टीमचा द्या, ड्रायव्हरचा पाठमोरा पण नको, गाडीचा नंबर पण नको, पाठीवरून सुद्धा माणूस ओळखतात लोक. रजिस्टर कुलपात, कोड नंबरने, नावांची वही वेगळी आणि ती एकाच माणसाकडे.

फेरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी ज्यांना पाठवलंय त्यांचे फोन, त्यांनी सांगितलेल्या वेळेलाच करायचे, मग कचरा जमा, आईसबॉक्स रिकामा, किटची मोजणी. कोणी पोचला नसेल तर दोनदा तीनदा विचारा, रागावू नका, आणि पुढच्या मंगळवारी गाडी कुठे असेल ते सांगा. गणपती, शिमगा किंवा रस्त्याच्या कामामुळे जागा बदलणार असाल तर आदल्या आठवड्यातच ढाबेवाल्याकडे आणि पंक्चरवाल्याकडे नवीन जागा आणि तारीख लिहून ठेवा, कारण तीन महिन्यांनी परत या असं सांगितलेला माणूस तिथेच येऊन विचारणार आहे.